घर हप्त्यांत गेलं, पण पोरं का नेली? महिला व बालविकास मंत्र्यांना नाशिकहून खुलं पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

ताई, नमस्कार.

तुमच्या खात्यानं बालगृहात ठेवलेल्या माझ्या दोन मुलांच्या केसची मागच्या सोमवारी बाल कल्याण समितीपुढे तारीख होती आणि परत तेच ऐकून आले. पालकांकडे राहण्याची कायमची सोय नाही, सबब मुलांना तूर्त संस्थेतच ठेवण्यात यावं. पोरं नेली तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, काळजी करू नका, चौकशी झाली की पंधरा दिवसांत घरी. तेव्हा बाजारात आंबे होते ताई, आता स्वेटर काढलेत लोकांनी.

आमच्या घरात कोणी दारू पीत नाही, पोरांवर कोणी हात उचलत नाही, दोघं शाळेत जात होती, हे सगळं तुमच्याच माणसांनी रिपोर्टात लिहिलंय. आमचा गुन्हा एकच, आमचं घर गेलं.

अंबडला वन बीएचके होता, लोनवर. मिस्टर कंत्राटी वेल्डर, कंत्राटदार बदलला तशी त्यांची सगळी बॅच घरी बसवली, हप्ते थकले, मग 60 दिवसांची नोटीस आली आणि एक दिवस महसूल खात्याचे साहेब, पोलीस, लोन कंपनीची माणसं असे सगळे दारात. कर्ज थकलं की तारण घर ताब्यात घ्यायचा 2002 चा सरफेसी कायदा आहे म्हणे, त्यात हे सगळं बसतं. पंचनाम्यात पंखे मोजले, गिझर लिहिला, खिडक्यांच्या जाळ्यासुद्धा लिहिल्या. घरात दोन लहान मुलं आहेत, ती आज रात्री कुठं झोपणार, हे लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता.

सिन्नरला भावाची एकच खोली, तिथं किती दिवस राहणार. मग पाथर्डी फाट्याजवळ एका साइटवर मिस्टरांना रात्रपाळीचं वॉचमनचं काम मिळालं, राहायला पत्र्याची शेड. दिवसा ते मार्केट यार्डात हमालीला, मी कॉलेज रोडला पोळ्यांच्या कामांना, शाळेला सुट्ट्या लागलेल्या, पोरं दोघंच शेडमध्ये. कोणीतरी 1098 ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. फोन करणाऱ्यावर माझा राग नाही, लिफ्टचा खड्डा उघडाच होता, माझाही जीव कामावर थाऱ्यावर नसायचा. पण मदतीची गाडी आली ती पोरं घेऊन गेली, आम्हाला तुम्ही कुठं राहणार असं कोणी विचारलंच नाही.

एका वकील बाईंनी मला 2015 चा बाल न्याय कायदा बसून वाचून दाखवला. त्यात बेघर मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल, हे मान्य. पण त्याच कायद्याच्या कलम 3 मध्ये लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. कलम 36 म्हणतं चार महिन्यांत अंतिम आदेश द्या. कलम 39 म्हणतं भावंडांना एकत्र ठेवायचा पूर्ण प्रयत्न करा. माझी मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. ती मुलींच्या संस्थेत, तो मुलांच्या, शहराच्या दोन टोकांना. मागच्या भेटीला तिनं खाऊतली अर्धी चिक्की वहीच्या कागदात बांधून माझ्या हातात दिली, दादूला दे म्हणाली. मी दोन रिक्षा बदलून तिकडं गेले तर गेटवर सांगितलं बाहेरचं खायचं चालत नाही. नियम असेल, असू द्या, पण मग त्या दोघांना एका छताखाली ठेवायचा नियम आहे त्याचं काय झालं? तोच का तेवढा कागदावर राहतो?

पैशाचं बघा. मिशन वात्सल्य या मुलांच्या संरक्षणाच्या सरकारी योजनेत संस्थेतल्या एका मुलामागे महिन्याला 3000 रुपये मिळतात, दोघांचे झाले सहा हजार, बिल्डिंग, पगार, लाइट बिल वेगळंच. चुंचाळ्याला सहा हजारांत वन आरके मिळत होता, अडलं ते डिपॉझिटपाशी. घरी राहणाऱ्या मुलासाठी स्पॉन्सरशिपचे, म्हणजे मदतीचे, महिन्याला 4000 असतात, पण शहरात वर्षाचं उत्पन्न 96,000 च्या आत पाहिजे, म्हणजे महिना आठ हजार. आम्ही दोघं मिळून त्याच्या वर जातो म्हणून नाही म्हणाले. आणि बाल न्याय कायद्याच्या कलम 45 मध्ये स्पॉन्सरशिपसाठी जे चार प्रकार दिलेत, विधवा किंवा टाकलेली आई, नातेवाइकांकडचं अनाथ मूल, जीवघेण्या आजारातले आईबाप, अपघातानं काम न करू शकणारे आईबाप, त्यात घर गेलेले आईबाप नाहीतच. मिस्टर गेले असते तर आम्ही यादीत बसलो असतो. ते जिवंत आहेत आणि पाठीवर गोण्या वाहतायत म्हणून बसत नाही!

मुलं पाहिजेत तर भाडेकरार आणा. भाडेकराराला डिपॉझिट पाहिजे. डिपॉझिटसाठी कर्ज मागावं तर आधीचं कर्ज बुडालेलं. घरमालकाला कळलं मुलांची केस चालू आहे की तो खोली देत नाही, आणि खोली नाही म्हणून केस बंद होत नाही. यातून बाहेर कसं पडायचं ते तुमच्या खात्यातल्या एखाद्या अधिकाऱ्यानं मला समोर बसवून सांगावं.

2022 पर्यंत सर्वांना घर, असं 2015 साली याच देशात जाहीर झालं होतं ना? 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी तपोवनात साधुग्राम उभं राहणार, लाखो लोकांच्या राहण्याची सोय होणार, व्हायलाच पाहिजे, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, आलेला माणूस उघड्यावर झोपू नये. पण याच गावात जन्मलेल्या दोन पोरांना आईबापासकट एक खोली मिळू नये? 1992 ला भारत संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्काच्या करारात सामील झाला, त्याच्या 27 व्या कलमात लिहिलंय की आईबाप कमी पडले तर सरकारनं घराच्या बाबतीतसुद्धा हात द्यावा. महसूल खातं घर सील करायला येतं, तुमचं खातं मुलं न्यायला येतं, आणि मधल्या महिन्यांत दोन्ही खात्यांना आम्ही दिसत नाही. एका सरकारची दोन खाती आहेत ना ही?

घराला सील लावायच्या आधी आत मुलं असतील तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवणं सक्तीचं करा. संस्थेवर जो खर्च होतो त्यातूनच अशा कुटुंबाला डिपॉझिट आणि काही महिन्यांचं भाडं द्या, पावती थेट घरमालकाच्या नावानं काढा, आमच्या हातात एक रुपया देऊ नका. माझ्या पोरांना निदान एका जागी ठेवा, हे तर या आठवड्यात होऊ शकतं. आणि पुढच्या आदेशात परत पालकांकडे सोय नाही असंच लिहायचं असेल, तर ती सोय कोणत्या खात्यानं करायची होती त्या खात्याचं नावपण त्याच कागदावर लिहा.

उत्तराची वाट बघतेय.

एक आई, नाशिक