मॅडम, त्या दिवशी तुम्ही आमच्या लेकीजवळ बसलात

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही असं वाटतं. पण जिल्ह्याच्या कबड्डीच्या अंतिम सामन्यात आम्हाला हरवणाऱ्या संघाच्या प्रशिक्षक तुम्हीच, हे वाचताच तुम्हाला कळेल.

शेवटची चढाई माझ्या मुलीची होती. एका गुणाने मागे, समोर सहाजणी, बोनस रेषा ओलांडून एक गुण मिळाला तर बरोबरी. तिने रेषेपलीकडे पाय टाकला आणि तुमच्या कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला. पकड अव्वल होती, त्याबद्दल तक्रार नाही. शिट्टी झाली तरी आमची पोर मॅटवरून उठेना.

पुढचं आठवलं की अजून अंगाची लाही होते. तिचेच प्रशिक्षक सगळ्यांदेखत "हिच्यामुळे गेला सामना" म्हणून पाठ फिरवून निघून गेले. सामनाभर तिच्या नावाने ओरडणारी मोठी माणसं मोबाईल काढून तिचं रडणं टिपायला लागली. मी गर्दीत अडकलेलो, मला कुणी पुढे सोडेना.

तेवढ्यात तुम्ही आलात. तुमच्या मुली तिकडे एकमेकींना उचलून नाचत होत्या. तुम्ही मॅटवर मांडी घातलीत ती गर्दीकडे पाठ करून, तिच्या आणि त्या मोबाईलांच्या बरोबर मध्ये, आणि ओढणी पसरून धरलीत. एकाच्याही फोनमध्ये तिचा चेहरा गेला नाही. मॅडम, बाकी कुणी काय केलं, काय बोललं ते मी विसरेन. ही ओढणी नाही विसरणार.

"हार-जीत चालायचीच" असलं काही तुम्ही बोलला नाहीत. लेकीने नंतर सांगितलं, तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग तिचा नीकॅप सैल केलात आणि विचारलंत, "बोनसला एवढा लांब पाय टाकायला कुणी शिकवलं गं तुला?" तेव्हा कुठे तिने मान वर केली. पेपरात तुमच्या संघाचा चषकासह फोटो आला, त्यात तुम्ही नाही. का नाही, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली अंतिम सामना इराणकडून २४-२७ असा हरल्या. २०१० आणि २०१४ चं सोनं आपलं होतं, त्यामुळे फार लागलं होतं. इराणच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. तेव्हा लहान असलेल्या लेकीने विचारलं होतं, "आपल्या बाई त्यांच्या बाजूला कशा?" मला नीट सांगता आलं नव्हतं. आता तिला सांगावं लागत नाही. समोरच्या बाकावरचं माणूसही आपलं असतं, हे तिने स्वतः पाहिलं. पुढे २०२३ ला हांगझोऊमध्ये आपण सोनं परत आणलं, तेही २६-२५ असं, एका गुणाने. ज्याला कबड्डी कळते तो एका गुणासाठी कुणाच्या पोरीला भर मैदानात उघडं पाडत नाही. तुम्हाला खेळ कळतो आणि पोरीही कळतात.

ती पुन्हा सरावाला जाते आहे. घोटा धरला गेला तर मध्यरेषेकडे कसं झेपायचं, त्यावर सध्या मेहनत चालली आहे. पुढच्या वर्षी समोरासमोर आलात तर तिची गय करू नका, तिलाही तेच हवं आहे. आणि सामना संपल्यावर, निकाल काहीही लागो, आमच्याकडे जेवायला या.

आपला कृतज्ञ,
एका चढाईपटूचा बाप