विषय: दुपारी भुंकणारा आमचा कुत्रा नव्हे

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

संदर्भ: नोटीस बोर्डावर लावलेली आणि आमच्या दाराखालूनही सरकवलेली आपली नोटीस

अध्यक्ष महोदय,

स. न. वि. वि.

'तिसऱ्या मजल्यावरील श्वान रोज दुपारी सातत्याने भुंकते, त्यामुळे ज्येष्ठ सभासदांच्या विश्रांतीत व्यत्यय येतो, तरी सात दिवसांत लेखी खुलासा करावा' ही आपली नोटीस मिळाली. ती वाचून आम्ही नवरा-बायकोने आधी एकमेकांकडे बघितलं आणि मग सोफ्याखाली. सोफ्याखाली कुत्रा गाढ झोपला होता. भुंकणं मात्र चालूच होतं, आतल्या खोलीतून.

तर खुलासा असा, की दुपारी भुंकतो तो आमचा धाकटा मुलगा. वय वर्षं तीन. सध्या त्याने माणसांशी संबंध कमी केले आहेत. जेवताना हात वापरत नाही, ताट जमिनीवर मागतो, पायपुसण्यावर गोल फिरून मगच बसतो. बालवाडीत हजेरीला त्याने 'भू' केलं, आणि बाईंनी ते 'हजर' म्हणून लिहून घेतलं. डॉक्टरांनी 'काय होतंय रे बाळा?' विचारलं तर उजवा पंजा पुढे केला. दुपारी त्याला झोपवायचा प्रयत्न आम्ही करतो, पण राखणदाराने झोपायचं नसतं असं त्याचं मत आहे. खऱ्या राखणदाराचं तसं काही मत नाही. मोठं कुत्रं दिवसातले निम्मे तास सहज झोपून काढतं, आणि आमचा त्यात कुठेही कमी पडत नाही.

तक्रारदारांना फरक ओळखायचा असेल तर सोपं आहे. कुत्र्याचं भुंकणं बेल वाजली की सुरू होतं आणि दार उघडलं की थांबतं. धाकट्याचं भुंकणं मध्येच खोकल्याने थांबतं आणि पाठोपाठ 'आई, पाणी' अशी हाक येते. आम्ही आता दुपारी आतल्या खोलीच्या खिडक्या लावून घेतो आणि त्याला 'दमलेला कुत्रा' व्हायला सांगतो. निम्म्या वेळा चालतं. कुत्र्यासाठी प्रशिक्षक मिळतो, या प्रकारासाठी कोण मिळतो ते समितीला माहीत असल्यास कळवावं.

आता नोटिशीत नसलेली, पण वॉचमनकाकांकडून कानावर आलेली गोष्ट. आमच्या कुत्र्याचं नाव साहेब आहे. ते थोरलीने ठेवलं, तेव्हा ती पाच वर्षांची होती. 'हेच नाव का?' विचारल्यावर 'तो बसतो तसा' एवढंच म्हणाली, आणि तो बसलेला बघितल्यावर आमच्याकडेही त्यावर उत्तर नव्हतं. नाव साहेब, म्हणून ती त्याला अहो-जाहो करते. त्यामुळे परवा सकाळी आपण गेटजवळ उभे असताना मागून 'साहेब, लवकर शी करून घ्या, माझी बस निघून जाईल' असं जे मोठ्याने ऐकू आलं, ते आपल्याला उद्देशून नव्हतं. तसंच त्याआधी जिन्यातून आलेलं 'साहेब, कुणाचा मोजा खाल्लात?' हेसुद्धा. नाव बदलून बघितलं. नव्या नावाला तो वळून पाहत नाही.

दुसऱ्या मजल्यावरून 'रात्री डोक्यावर घोडे धावतात' अशी तोंडी तक्रार आहे. ती रास्त आहे. साहेबाला आंघोळ घातली की अंग झटकून तो घरभर सुसाट धावत सुटतो. पाठीची कमान, शेपूट पायांत, पलंगावरून सोफ्यावर, सोफ्यावरून परत पलंगावर. पशुवैद्यांना विचारलं, तर ही कुत्र्यांची अगदी नेहमीची तऱ्हा आहे, अंगातली रग अशी एकदम बाहेर पडते आणि मिनिट-दोन मिनिटांत उतरते, असं ते म्हणाले. कुत्र्याची उतरते, हे खरं. पण त्याच्यामागे थोरली टॉवेल घेऊन धावते, थोरलीमागे धाकटा टॉवेलही न घेता धावतो, आणि त्या दोघांची कधी उतरते ते पशुवैद्यांना सांगता आलं नाही. यापुढे साहेबाची आंघोळ रविवारी सकाळी होईल. खालच्यांना तसं सांगून आले आहे.

जाता जाता एक विनंती, हे पत्र नोटीस बोर्डावर लावू नये. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आणि उंच पट्टीतले आवाज ऐकू येतात. थोरलीच्या बाबांची गाडी गेटातून आत वळते तेव्हाच साहेब कान टवकारतो. तो कान टवकारतो तेव्हा थोरली टीव्ही बंद करते, आणि बाबा दारात येईपर्यंत तिच्या मांडीवर पुस्तक उघडलेलं असतं. हे आम्हाला कळलेलं आहे, पण आम्हाला कळलंय हे तिला कळलेलं नाही. तिला आता जोडाक्षरंही वाचता येतात.

लिफ्टबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे मला समितीचं म्हणणं पटत नाही. 'श्वान लिफ्टमध्ये तोंड वासून दात दाखवते, सबब जिन्याने न्यावे' असं नोटिशीत आहे. महोदय, तो जांभई देतो. कुत्रं अवघडलं की जांभई देतं. नाक चाटतं, तोंड दुसरीकडे वळवतं, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं. शाळा सुटायच्या वेळी आपल्या लिफ्टमध्ये पाच-सहा मुलं, तेवढीच दप्तरं, एखादी सायकल आणि मध्ये साहेब असतो. एक जण त्याच्या गळ्यात पडतो, दुसरी शेपूट धरते, तिसरा त्याच्या कानात गुपित सांगतो. तो जांभई देऊन 'पुरे आता' म्हणत असतो आणि वर उभी असलेली मोठी माणसं 'बघा, दात दाखवतोय' म्हणतात. शेपूट हलतेय म्हणजे स्वारी खूष, हाही एक गैरसमजच. ताठ, उंच धरलेली शेपूट हलत असेल तर तिथून मुलांना बाजूला घ्यावं. लहान मुलांना कुत्रं चावतं तेव्हा ते बहुतेक वेळा ओळखीचंच असतं, घरचं किंवा शेजारचं. आधी त्याने दिलेल्या इशाऱ्यांकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं, एवढंच. म्हणूनच साहेब आणि धाकटा, दोघांना एका खोलीत एकटं सोडून मी अजूनही आंघोळीला जात नाही. साहेबावर भरवसा आहे. धाकट्यावर नाही.

यावर थोरलीने स्वतःच उपाय काढला आहे आणि तो आपल्या कानावर आला नसेल तर सांगते. तिने सोसायटीतल्या मुलांना 'साहेब लायसन' द्यायला सुरुवात केली आहे. पुठ्ठ्याचं कार्ड, वर साहेबाचं चित्र (चित्रात त्याला पाच पाय आहेत, पण त्यावर तिच्याशी वाद घालू नये). लायसनसाठी परीक्षा होते. आधी त्याच्या माणसाला विचारायचं. मग हात पुढे न नाचवता उभं राहायचं, त्याला वास घेऊ द्यायचा. डोक्यावर थोपटायचं नाही, छातीला किंवा खांद्याला खाजवायचं. मनात तीन आकडे मोजून हात काढून घ्यायचा. तो जवळ सरकला तर पुन्हा, नाही सरकला तर 'थँक यू साहेब' म्हणून निघायचं. मिठी मारायची नाही, झोपलेला किंवा खात असेल तर हात लावायचा नाही. तोंडी परीक्षेत एक गणितही असतं: मोठ्या माणसाचे दात 32, साहेबाचे किती? उत्तर 42. साहेबाचे दुधाचे दात पडत होते त्याच सुमारास तिचे पडायला लागले होते, आणि त्याला दहा जास्त येणार हे ऐकून ती त्याच्याशी दिवसभर बोलली नव्हती. तो सल प्रश्नपत्रिकेत राहिला आहे. पलीकडच्या विंगमधला एक मुलगा दोनदा नापास झाला आणि त्याच्या आईचा मला फोन आला, तो विषय वेगळा.

सांगायचं काय, तर जिन्याने जायला आमची हरकत नसती, पण तीन वर्षांचं मूल, दप्तर आणि पट्ट्याला ओढणारा कुत्रा घेऊन तीन मजले रोज उतरणं यात पडायची शक्यता लिफ्टपेक्षा जास्त आहे. त्याऐवजी एवढं करता येईल: शाळा सुटायच्या वेळी आम्ही साहेबाला लिफ्टमध्ये आणणार नाही. इतर वेळी आत कुणी असेल आणि त्याने 'थांबा' म्हटलं तर पुढच्या फेरीला येऊ. पट्टा आखूड असेल. हे मी घरात याआधीच लागू केलं आहे, म्हणजे समितीने ठराव केला नाही तरी चालेल.

बागेतल्या फुलझाडांचं. साहेब ताटव्यांत घुसतो, हे खरं. मुलांनी टाकलेला चेंडू शोधायला घुसायचा. चेंडू होता लाल आणि टाकायचे हिरवळीवर. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग नीट ओळखता येतो, लाल आणि हिरव्यात मात्र त्याला फारसा फरक कळत नाही, म्हणजे तो बिचारा नाकाने हुंगत सगळी बाग पालथी घालायचा आणि दोन्ही मुलं 'अरे समोर आहे, समोर!' म्हणून ओरडायची. आता निळा चेंडू आणला आहे. ताटव्यांकडे तो फिरकत नाही. लाल चेंडू धाकटा तोंडात धरून आणतो.

एक गोष्ट नोटिशीत नाही, पण असायला हवी होती: मुलांचा वाळूचा खड्डा. तिथे मला हसण्यासारखं काही दिसत नाही. कुत्र्या-मांजरांच्या पोटात गोलकृमी असतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत, बाधण्याजोगी व्हायला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणून साहेबाची शी आम्ही तिथल्या तिथे पिशवीत उचलतो, आणि सगळ्यांनीच उचलली तर कुत्र्यांपुरतं या कटकटीचं मूळच राहत नाही. उचलली नाही, तर ती अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात. साहेबाला जंताचं औषध ठरल्या वेळी मिळतं, रेबीजची लस दर वर्षी होते. आवारातल्या मांजरांचं तसं नाही, आणि रात्री त्या खड्ड्याचा वापर मांजरं कशासाठी करतात ते सकाळी वाळू उकरणाऱ्या कुठल्याही आईला विचारा. आमच्या धाकट्यासारखी काही मुलं वाळू चाखूनही बघतात. खड्ड्यावर रात्री झाकण असलं की काम होतं. त्यासाठी ताडपत्रीही पुरेल, फक्त कडा नीट दाबल्या जायला हव्यात. शिवाय बागेच्या दाराशी झाकणाचा एक कचरा-डबा हवा. सध्या पिशवी हातात घेऊन थेट मागच्या आवारापर्यंत जावं लागतं, आणि वाटेत भेटणारे सभासद हस्तांदोलन करू बघतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना आणि बागेतल्या बाळगोपाळांना एक निरोप समितीतर्फे गेला तर बरं होईल, माझ्याकडून गेला की आजींना राग येतो. साहेबाला चॉकलेट देऊ नये. मनुका आणि द्राक्षंही नाहीत, त्याने कुत्र्याची किडनी जाऊ शकते. काही बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो तर थोडासाही कुत्र्याला घातक आहे. तो बघतो तसा बघितला की कुणालाही वाटतं, याला घरी उपाशी ठेवतात. प्रत्यक्षात धाकट्याच्या खुर्चीखाली बसून तो रोज दुसरं जेवण जेवतो. त्यामुळे त्याचं वजन वाढलं आहे. घरच्या काट्यावर तो उभा राहत नाही, म्हणून आमचे हे आधी त्याला उचलून उभे राहिले आणि मग एकटे. त्या वजाबाकीत कुणाबद्दल काय निष्पन्न झालं, ते या खुलाशाच्या कक्षेत येत नाही.

बाग कुत्र्यांना बंद करण्याचा विषय पुढच्या सभेत येणार आहे, असं कळलं. त्याआधी वरच्या गोष्टींचा विचार व्हावा. संध्याकाळची ठरावीक वेळ कुत्र्यांसाठी ठेवली आणि तेवढ्यात खेळणी-घसरगुंडीचा भाग वगळला, तरी आम्हाला मान्य आहे. पूर्ण बंदी झाली तर साहेबाचं काही अडणार नाही, तो गेटबाहेर फिरून येईल. पण संध्याकाळी सहा ते आठ आमच्या घरात तिघांची रग कशी जिरवायची, याची जबाबदारी मग दुसऱ्या मजल्याने समितीसोबत वाटून घ्यावी लागेल.

ताडपत्री शिवून द्यायची तयारी आहे. खड्ड्याची मापं वॉचमनकाकांसोबत शनिवारी घेते, तेवढी परवानगी द्यावी.

कळावे,

आपली विश्वासू,
तिसऱ्या मजल्यावरील सभासद

सोबत: साहेबाच्या रेबीज लसीकरणाची आणि जंताच्या औषधाच्या नोंदींची प्रत, 'साहेब लायसन' कोरं, एक. अध्यक्षांना परीक्षेत सूट नाही, असं थोरलीने सांगायला सांगितलं आहे.