कटिंग मशीनच्या कृतीत मधलं सगळं गाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतलं हस्तकलेचं सदर मी आवडीने वाचते, हल्ली त्यात इलेक्ट्रॉनिक कटिंग मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइनप्रमाणे पात्याने कागद कापणाऱ्या मशीनवर केलेल्या वस्तू पण यायला लागल्यात, नावाच्या पाट्या, स्टिकर, कागदाची फुलं वगैरे, बघून खरंच छान वाटतं. पण फोटो तयार वस्तूचा आणि खाली कृती दोन ओळींची, डिझाइन निवडा, मशीनला द्या, कापून घ्या. अहो, सगळं काम त्या दोन ओळींच्या मधेच असतं! नवीन माणूस तेवढं वाचून मशीनपुढे बसतो, कागद फाटतो, आणि मशीनच खराब आहे असं त्याला वाटतं. मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं, फाइल कापण्यासाठी बनवलेली नसते.

मशीनला चित्र कळत नाही, फक्त रेघ कळते. जेपीजी किंवा पीएनजी म्हणजे ठिपक्यांचं चित्र, सॉफ्टवेअर त्याच्या कडा शोधून काढतं खरं, पण चित्र छोटं किंवा धूसर असलं की ती कड खरखरीत येते आणि तिच्यावर विनाकारण ढीगभर बारीक बिंदू पडतात, मग पातं तिथे अडखळत वळत जातं आणि कागदाचे धागे निघतात. एसव्हीजी फाइलमध्ये मुळात रेघच असते. इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात चित्र ट्रेस करून, म्हणजे त्याच्या कडांची रेघ बनवून, बिंदू कमी करून घ्या, खूप फरक पडतो.

आता मराठी अक्षरांचं बोलते, कारण याबद्दल कुठेच काही सापडत नाही, टिप्स असतात त्या सगळ्या रोमन अक्षरांच्या. आपल्या फॉन्टमध्ये शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा बऱ्याचदा एकमेकींवर जराशा चढलेल्या असतात. स्क्रीनवर एकसंध रेघ दिसते, पण मशीन प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं, म्हणजे शिरोरेषेत दर जोडाला उभा काप पडतो आणि अख्खं नाव सुटं होऊन हातात येतं. म्हणून आधी वेल्ड करायचं, म्हणजे सगळी अक्षरं जोडून एकच आकार करायचा, इंकस्केपमध्ये त्याला युनियन म्हणतात, आणि वेल्ड करायच्या आधी एक कॉपी बाजूला ठेवायची कारण नंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलतीकडे जाते, तेव्हा नाव इंकस्केपमध्ये टाइप करून त्याचा पाथ (अक्षरांची नुसती रेघ) करून, जोडून, मग एसव्हीजी म्हणून आणायचं.

अनुस्वाराचंही बघा. 'आनंदी' हे नाव व्हिनाइलमधून, म्हणजे स्टिकरच्या प्लास्टिकमधून कापलं तर टिंब सुटं असलं तरी चालतं, ट्रान्सफर टेप (कापलेलं डिझाइन उचलून दुसरीकडे लावायची चिकट टेप) त्याला जागच्या जागी उचलते. तेच नाव जाड कार्डमधून कापून उभं करायचं असेल तर टिंब गळून पडणार, त्याला खाली शिरोरेषेपर्यंत छोटासा दांडा जोडावाच लागतो. स्टेन्सिलला याच्या उलट, तिथे व, ब यांच्या पोटातला तुकडा निसटतो आणि रंग मारल्यावर अक्षराच्या जागी नुसता ठोकळा दिसतो, त्यामुळे पोटाला बाहेरशी जोडणारे पूल ठेवायचे, साध्या कार्डला दोनेक मिलिमीटर रुंद तरी ठेवा, फार बारीक ठेवले तर रंग लावतानाच तुटतात.

सॉफ्टवेअरमधल्या अटॅच आणि वेल्ड या दोन सोयींत पण गोंधळ होतो. वेल्डने आकार एक होतात. अटॅचने ते वेगळेच राहतात, फक्त मांडणी हलत नाही, नाहीतर क्रिकटसारख्या मशीनचं सॉफ्टवेअर कागद वाचवायला सगळे तुकडे आपल्या सोयीने मॅटवर (कागद चिकटवून मशीनमध्ये घालायची चिकट चटई) पसरवून ठेवतं.

मग टेस्ट कट. हा टाळूच नका, प्लीज. कोपऱ्यात एक छोटा चौकोन, त्याच्या आत गोल, एवढंच कापायचं. ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्सचा कागद आणि २५० जीएसएमचं कार्ड यांना एकच प्रेशर कसं चालेल? आणि एकाच जीएसएमचे दोन कागद पण सारखे कापले जात नाहीत. जाड कागदाला एकदम जोर देण्यापेक्षा कमी प्रेशरवर दोनदा फिरवलेलं बरं. व्हिनाइलला तर फक्त वरचा थर कापला जायला हवा, खालचा कागद शाबूत राहायला हवा, तोही कापला गेला तर प्रेशर कमी करा. कापड किंवा टी-शर्टवर इस्त्रीने चिकटवायचं व्हिनाइल असेल तर चकचकीत बाजू खाली आणि डिझाइन मिरर, हे विसरलं तर अक्षरं उलटी येतात.

कापून झालं की कागद मॅटवरून ओढू नका, मॅट पालथी करून मॅटच मागे वाकवत सोडवा, कागद सपाट राहतो, नाहीतर गुंडाळी होते आणि ती मग काही जात नाही. पातं हाउसिंगमधून, म्हणजे त्याच्या खोबणीतून, थोडं बाहेर काढून अॅल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यात टोचलं की अडकलेले कण निघतात, धार मात्र त्याने परत येत नाही, बोथट झालेलं पातं बदलायचंच.

तर माझी विनंती एवढीच की सदरात प्रत्येक वस्तूखाली कागदाचा जीएसएम, कुठलं पातं, मॅट किती चिकट आणि वस्तूची खरी लांबी-रुंदी छापा, त्यासाठी फोटो थोडा लहान करावा लागला तरी चालेल. आणि डिझाइनमध्ये मराठी अक्षरं असतील तर ती वेल्ड केलेली आहेत की वाचकाने करायची आहेत, हे नक्की लिहा.

आपली,
एक नियमित वाचक