'नवशिक्यांसाठी योग्य' म्हणून विकलेल्या झोर्की-४ कॅमेऱ्याबाबत तक्रार

पुणे, दि. १७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सर्व्हिस केलेला म्हणून विकलेला झोर्की-४ (जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा) सदोष निघाल्याबद्दल, पैसे परत मिळण्याबाबत व माहितीपत्रकातील चूक दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : माझी ६ जानेवारीची ऑर्डर, २७ जानेवारीचा माझा ईमेल आणि ३ फेब्रुवारीचे आपले उत्तर.

महोदय,

कॅमेरा 'ग्राहकाच्या चुकीच्या हाताळणीमुळे' बिघडला आणि परतीची सात दिवसांची मुदतही उलटून गेली, त्यामुळे काही करता येणार नाही, असे आपण ३ फेब्रुवारीला कळवलेत. ही दोन्ही कारणे मला मान्य नाहीत. का मान्य नाहीत ते सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण पूर्ण वाचावे ही विनंती.

मी कसबा पेठेत राहते. तांबट आळी आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. तिथे चालणारे मठारकाम (तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने खळग्या उठवण्याचे काम), बंब आणि घंगाळांवर पडणारे हातोडीचे ठोके मी लहानपणापासून ऐकत आले आहे. हे काम कृष्णधवल फिल्मवर टिपायचे असे वर्षभर मनात होते. म्हणून डिसेंबरमध्ये आपल्याला ईमेल लिहिला आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. फिल्म कॅमेरा मी आजवर हातात धरलेला नाही. पंधरा हजारांच्या वर जाता येणार नाही. आणि फोटो काढायचे आहेत ते अंधाऱ्या कारखान्यात, दारातून येईल तेवढ्याच उजेडात.

आपण दिलेला सल्ला चांगला होता, हे मी मोकळेपणाने मान्य करते. मी फेड-२ हा दुसरा सोव्हिएत कॅमेरा घेण्याच्या विचारात होते. तो दिसायला सुबक आहे आणि त्याच्या रेंजफाइंडरच्या (दोन प्रतिमा जुळवून फोकस करण्याच्या यंत्रणेच्या) दोन खिडक्यांमधले अंतर झोर्की-४ पेक्षा बरेच जास्त असल्यामुळे फोकस अधिक अचूक होतो. पण त्याचा शटर १/२५ किंवा १/३० सेकंदापेक्षा हळू चालत नाही, अंधारात अडचण होईल, असे आपणच लक्षात आणून दिलेत. कीव्ह-४ बद्दलही बरोबर सांगितलेत. त्याची रचना कॉन्टॅक्स या जर्मन कॅमेऱ्यावरून घेतलेली, शटर धातूच्या पट्ट्यांचा आणि त्या पट्ट्या रेशमी फितींनी जोडलेल्या. तो बिघडला तर दुरुस्त करणारा मिळणे अवघड, आणि त्याला स्क्रूच्या माउंटच्या स्वस्त लेन्सही बसत नाहीत. राहिला झोर्की-४. वेग १ सेकंदापासून १/१००० पर्यंत, व्ह्यूफाइंडर मोठा आणि त्यावर ५० मिमी एफ/२ ची ज्युपिटर-८ लेन्स. माझ्या कामाला हाच कॅमेरा योग्य, हे मला पटले आणि आजही पटते. माझी तक्रार झोर्की-४ या मॉडेलबद्दल नाही. आपण पाठवलेल्या कॅमेऱ्याबद्दल आणि त्यासोबत दिलेल्या माहितीबद्दल आहे.

आपल्या पानावर लिहिले होते : 'झोर्की-४, १९५६, पहिल्या वर्षाचे उत्पादन. पूर्ण सर्व्हिस केलेला, सर्व वेग तपासलेले. नवशिक्यांसाठी योग्य.' किंमत ₹१४,५००. त्याच पानावर दुसरे दोन झोर्की-४ ₹११,५०० ला होते. तीन हजार जास्त दिले ते पहिल्या वर्षाचा नग म्हणून आणि सर्व वेग तपासले आहेत या शब्दांवर विश्वास ठेवून.

आधी वर्षाचेच सांगते. झोर्की बनवणाऱ्या, रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात त्या काळी कॅमेऱ्यावर जो क्रमांक कोरला जाई, त्याचे पहिले दोन आकडे उत्पादनाचे वर्ष दाखवतात. (फेडच्या क्रमांकावरून असे वर्ष काढता येत नाही. झोर्कीवरून येते.) माझ्या कॅमेऱ्याचा क्रमांक ६९ ने सुरू होतो. म्हणजे हा कॅमेरा १९६९ चा आहे. झोर्की-४ चे उत्पादन १९५६ ते १९७३ असे सतरा वर्षे चालले आणि लाखोंनी नग निघाले. १९६९ चा नग असणे हा काही दोष नाही. पण तो १९५६ चा म्हणून विकणे ही चुकीची माहिती आहे. जुन्या कॅमेऱ्यांचा व्यवसाय करणाऱ्याला क्रमांक वाचता येत नसेल असे मला वाटत नाही.

११ जानेवारीला पार्सल आले. कॅमेरा हातात घेतला तेव्हा खरोखर आनंद झाला. हाताला जड, थंड लागणारा धातू. लेन्स स्वच्छ. रेंजफाइंडरमधून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी पाहिली, तर दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसत होत्या. तो भाग आपण व्यवस्थित लावून दिला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. लेन्सला झाकण मात्र नव्हते. ते का असावे लागते हे तेव्हा मला माहीत नव्हते, आणि आपल्या माहितीपत्रकातही त्याबद्दल एक ओळ नाही.

कॅमेऱ्यासोबत मूळ रशियन पुस्तिका नव्हती. आपले दोन पानी माहितीपत्रक होते, शीर्षक 'सुरुवात कशी करावी'. त्यातली तिसरी पायरी अशी आहे : 'वेगाची चकती वर उचलून हवा तो वेग निवडा.' आणि चौथी : 'आता नॉब फिरवून फिल्म पुढे घ्या.'

हा क्रम उलटा आहे. या कॅमेऱ्यात आधी नॉब पूर्ण फिरवून शटर भरायचा, म्हणजे सुटण्यासाठी ताणून तयार करायचा असतो आणि मगच वेग बदलायचा असतो. शटर सुटताना ती चकती स्वतःही फिरते. शटर भरलेला नसताना ती ज्या जागी थांबलेली असते, तिथे खुणेचा बाण खरा वेग दाखवत नाही. त्या अवस्थेत चकती उचलून फिरवली तर आतली पिन भलत्या जागी बसते आणि यंत्रणा अडकते किंवा मोडते. मूळ पुस्तिकेत ही ताकीद दिलेली असते. आपल्या माहितीपत्रकाने मला नेमके तेच करायला सांगितले, आणि मी ते इमानेइतबारे केले.

१९ जानेवारीच्या रविवारी सकाळी मी तांबट आळीत गेले. तिथल्या एका वयस्कर कारागिरांनी मला त्यांच्या शेजारी बसायला पाट दिला. ते घंगाळाच्या काठावर मठार उठवत होते. डाव्या हाताने भांडे इंचाइंचाने फिरायचे आणि उजव्या हाताचा ठोका दर वेळी आधीच्या खळगीला खेटून पडायचा. पाहून मारताहेत असे वाटतच नव्हते, हातालाच जागा माहीत होती. तीन तास मी तिथे होते. मोबाइलवर उजेड मोजायचा, पत्रकात लिहिल्याप्रमाणे वेग लावायचा, नॉब फिरवायचा, दोन प्रतिमा जुळवायच्या आणि बटण दाबायचे. बहुतेक फोटो १/१५ आणि १/८ ला काढले, कॅमेरा गुडघ्यावर टेकवून. दाराशी उजेडात आले की १/१२५. एकतिसाव्या फ्रेमनंतर चकती दोन आकड्यांच्या मध्येच अडकली. नॉब फिरेना, बटण दाबले जाईना. मी जोर लावला नाही. कॅमेरा तसाच लॅबमध्ये नेला आणि त्यांनी काळ्या पिशवीत हात घालून रोल बाहेर काढला.

२५ तारखेला निगेटिव्ह हातात आल्या. १/१५ आणि १/८ ला काढलेल्या जवळजवळ सगळ्या फ्रेम कोळशासारख्या काळ्या होत्या, म्हणजे शटर उघडल्यावर कितीतरी वेळ उघडाच राहिला होता. दाराशी काढलेल्या फ्रेममध्ये चित्र आहे, पण प्रत्येक फ्रेमवर ठरावीक जागी ठिपके आहेत. निगेटिव्हवर काळे, छापल्यावर पांढरे. मोजले तर सात. ज्या फ्रेमनंतर मी पाणी प्यायला उन्हात थांबले होते, त्यानंतरच्या फ्रेमवर हे ठिपके फुगून ज्वारीच्या दाण्याएवढे दिसतात.

त्या रात्री मी लेन्स काढली, मागचे झाकण काढले, खोलीतला दिवा बंद केला आणि लेन्सच्या जागी टॉर्च धरून मागून पाहिले. शटरच्या कापडी पडद्यात सात ठिकाणांहून उजेड येत होता. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि पडदा यांच्यामध्ये आरसा असतो. झोर्कीसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात मध्ये काहीच नसते. लेन्स उघडी ठेवून सूर्याकडे राहिली की भिंगाने कागद जळतो तसा पडदा जळतो. म्हणूनच झाकण लागते. ही छिद्रे माझ्याकडे आठ दिवसांत पडली असे आपण म्हणणार असाल, तर त्यासाठीही पुढची माहिती वाचावी.

ओळखीच्या एका जुन्या कॅमेरा-मेकॅनिकना मी कॅमेरा दाखवला. त्यांनी माझ्यासमोर वरचे झाकण उघडले. हळू वेगांच्या गिअरमधले ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट झाले होते, आणि त्यावर कोणीतरी नवे तेल नुसते ओतलेले दिसत होते. आतल्या स्क्रूंच्या खाचा जुन्या मळाने भरलेल्या होत्या, स्क्रू-ड्रायव्हरची एकही खूण नाही. पडद्यातल्या सातपैकी दोन छिद्रांवर काळ्या रंगाचा थेंब लावलेला होता आणि तो थेंब वाळून तडकला होता. म्हणजे छिद्रे आधीपासून होती, आणि ती कोणाला तरी माहीत होती. हे सगळे त्यांनी लेखी दिले आहे. त्यांचे पत्र, झाकण उघडतानाचे फोटो, निगेटिव्हचे स्कॅन आणि आपल्या माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडत आहे. त्यानंतर कॅमेऱ्याला कोणी हात लावलेला नाही.

आता सात दिवसांच्या मुदतीबद्दल. फिल्म कॅमेऱ्याचा दोष रोल धुतल्याशिवाय दिसत नाही. रोल मिळवायचा, छत्तीस फोटो काढायचे, लॅबला द्यायचा, निगेटिव्ह यायच्या, याला आठवडा सहज जातो. हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पहिल्या दिवशी टॉर्चने पडदा तपासायला हवा होता असे आपले म्हणणे असेल, तर ते माहितीपत्रकात पहिल्या ओळीत लिहायला हवे होते. 'नवशिक्यांसाठी' हा शब्द आपण स्वतःहून छापला आहे. माणसाला काही येत नाही हे माहीत असूनच आपण त्याला कॅमेरा विकता, त्या शब्दावर किंमत घेता, आणि मग 'तुम्हाला येत नव्हते' हेच कारण पुढे करून हात झटकता. याचा मला सर्वांत जास्त त्रास झाला आहे.

या कॅमेऱ्यांबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणून हेही लिहिते. युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये अनाथ आणि बेघर मुलांच्या वसाहतीत १९३४ पासून लायका-२ या जर्मन कॅमेऱ्याच्या धर्तीवर फेड कॅमेरे बनू लागले. त्याच रचनेवर १९४८ पासून क्रास्नोगोर्स्कला झोर्की बनला. त्यातले कितीतरी आजही उत्तम चालतात. त्यांना कोणीतरी उघडून, पुसून, नवे ग्रीस घालून, गरज असेल तिथे पडदा बदलून चालते ठेवले म्हणून ते चालतात. आपल्या पानावर 'रणगाड्यासारखा मजबूत, काही करावे लागत नाही' असे लिहिले आहे. पन्नास-साठ वर्षांच्या कापडाला आणि ग्रीसला हे लागू होत नाही. असे वाचून कॅमेरा घेणारा माणूस पहिल्याच रोलनंतर निराश होतो आणि पुन्हा या वाटेला जात नाही.

आणखी एक गोष्ट, माझ्या खरेदीशी संबंध नसलेली. आपल्याकडे 'युद्धकालीन जर्मन लायका' म्हणून एक सोनेरी कॅमेरा विक्रीला आहे. लेन्स काढून घेतलेल्या फोटोत आत रेंजफाइंडरचा दांडा दिसतो. लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असते. आपल्या फोटोत जिभेसारखा निमुळता तुकडा आहे, जो फेड आणि झोर्कीत असतो. कृपया तो तपासून घ्यावा, कोणी नवखा ग्राहक फसण्याआधी.

माझ्या मागण्या अशा. कॅमेऱ्याचे ₹१४,५००, पार्सलचे ₹२५०, रोल, धुलाई आणि स्कॅनचे ₹१,६०० आणि मेकॅनिकचे ₹५००, असे एकूण ₹१६,८५० परत मिळावेत आणि कॅमेरा आपल्या खर्चाने घरून नेला जावा. दुरुस्त करून देण्याचा किंवा दुसरा नग पाठवण्याचा प्रस्ताव मला नको आहे. माहितीपत्रकातली तिसरी आणि चौथी पायरी बदलावी, आणि ते ज्यांना आजवर पाठवले त्या सर्व ग्राहकांना ईमेलने कळवावे. ही दुसरी मागणी माझ्यासाठी पैशांइतकीच महत्त्वाची आहे. आज कुठेतरी कोणीतरी आपले पत्रक समोर ठेवून शटर न भरता चकती फिरवत असेल.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात होणे आवश्यक आहे. मला पहिले उत्तरच सात दिवसांनी आले. महिना २७ फेब्रुवारीला पूर्ण होतो. तोपर्यंत लेखी उत्तर न मिळाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ती मला राहत्या ठिकाणी करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

आळीतले ते कारागीर परवा भाजी घेताना भेटले आणि त्यांनी विचारले, "ताई, आले का फोटो?" कॅमेरा बिघडला, पुन्हा यावे लागेल, असे सांगितले. ते म्हणाले, "या की. पण ते घंगाळ गेलं गिऱ्हाईकाकडे."

आपली,
एक ग्राहक, कसबा पेठ, पुणे
(नाव, पत्ता व दूरध्वनी बिलावर नोंदलेले आहेत.)