कोळसा खाणींजवळच्या विहिरींची तपासणी फक्त मे महिन्यात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. तरीही किनवट-माहूर भागातल्या आम्हा लोकांची सोयरीक पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि वणी परिसरातल्या कोळसापट्ट्यात आमच्या लेकीबाळी नांदतात. नदी आमच्याकडून तिकडे वाहते, त्यामुळे तिकडचे पाणी आमच्या आडात उतरण्याचे भय नाही. हे पत्र त्या गावांच्या पाण्याच्या काळजीपोटी लिहीत आहे.

कोळसा खाणीला पर्यावरण मंजुरी देताना भूजलाबाबत एक नेहमीची अट घातली जाते. परिसरातल्या विहिरी आणि नव्याने खोदलेल्या निरीक्षण विहिरी यांचे जाळे उभारून पाण्याची पातळी मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी अशी चार वेळा मोजावी, गुणवत्ता मात्र मे महिन्यात तपासावी, असे ती सांगते. पातळी चारदा आणि गुणवत्ता एकदाच, ही विभागणी मला पटत नाही. उघड्या खाणीतून काढलेल्या माती-दगडांच्या ढिगाऱ्यांवर पावसाळ्यात पाणी पडते, गंधकयुक्त खनिजांचा हवा-पाण्याशी संबंध येऊन तयार झालेले क्षार त्यात विरघळतात आणि ते पाणी जमिनीत मुरते. त्याचा परिणाम तपासायचा तर पावसाळ्यानंतरचा नमुनाही हवाच. आपल्याकडच्या कोळशात गंधकाचे प्रमाण कमी असल्याने खाणीचे पाणी सहसा आम्लधर्मी होत नाही, पण त्यातला जडपणा आणि सल्फेट वाढते. असे पाणी दिसायला नितळच असते, म्हणून डोळ्यांना दिसेपर्यंत थांबून चालत नाही.

नितळ पाण्याने काय होते, हे किनवट तालुक्याला सांगावे लागत नाही. इथल्या कित्येक हापशांच्या पाण्यात फ्लोराइड निघाले, पण तोवर मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडले होते आणि मोठ्यांचे सांधे आखडले होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालते. आमच्याकडचे फ्लोराइड खडकातून आलेले आहे, खाणीतून नव्हे. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांतही ते नैसर्गिकरीत्या आढळते, आणि खाणपट्ट्यातला खरा पेच तिथेच आहे. विहीर बिघडली की ‘हे पूर्वीपासूनच आहे’ असे म्हणायला वाव राहतो, आणि खाण सुरू होण्याआधीची नोंद हाताशी नसेल तर ते खोडताही येत नाही, सिद्धही करता येत नाही. म्हणून खोदकामापूर्वीची मोजणी आणि पुढे दरवर्षी त्याच विहिरींची मोजणी, यावर सगळे अवलंबून आहे. एका वर्षी एक विहीर आणि पुढच्या वर्षी दुसरीच घेतली, तर त्या आकड्यांची तुलना होत नाही. फ्लोराइडच्या जोडीला सल्फेट आणि एकूण विरघळलेले क्षार वर्षागणिक वाढत असतील, तर मात्र खडकाकडे बोट दाखवून सुटता येणार नाही.

नमुना घेण्याच्या पद्धतीवरही बरेच ठरते. बोअरमधले साचलेले पाणी आधी उपसून टाकावे लागते, सामू (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्याचे माप) आणि विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप) जागेवरच मोजावी लागते, धातूंसाठीची बाटली वेगळी ठेवून त्यात नायट्रिक आम्ल घालावे लागते. गावागावांत दिलेल्या साध्या तपासणी संचांवर आमच्या भगिनी मनापासून काम करतात, पण शिसे किंवा बोरॉन त्या संचावर कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. तो खर्च ग्रामपंचायतीवर ढकलू नये.

केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरण मंजुरीविषयक अधिसूचनेनुसार मंजुरीच्या अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, सादर करावा लागतो. ज्याच्या विहिरीतून नमुना नेला, त्या शेतकऱ्याला त्यातला आकडा कळतो का? अहवाल इंग्रजीत संकेतस्थळावर ठेवला, एवढ्याने तो त्याच्या घरी पोहोचत नाही.

परळीच्या औष्णिक केंद्रामुळे हा प्रश्न मराठवाड्यातही आहे. कोळसा जळून उरलेल्या राखेतून सल्फेट, बोरॉन, अर्सेनिक पाण्यात उतरू शकतात, म्हणून राखेच्या तळ्यांभोवतीच्या विहिरींनाही हीच शिस्त लागू व्हावी.

राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा यांना विनंती आहे की, गुणवत्तेची तपासणी मे आणि नोव्हेंबर अशी दोनदा व्हावी, नमुने घेताना गावचे दोन पंच हजर असावेत आणि निकाल मानकाच्या मर्यादेसह मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून ग्रामसभेत वाचले जावेत. खाण बंद झाल्यावर खाणीतल्या पाण्याचा उपसा थांबतो, भूजल पुन्हा वर चढते आणि खाणीत परत भरलेल्या माती-दगडांतले क्षार घेऊन पसरू लागते. त्यामुळे ही तपासणी खाण बंद झाल्यानंतरही काही वर्षे चालू ठेवण्याची तरतूद आताच, मंजुरीच्या कागदातच व्हावी.

आपला,
एक वाचक, किनवट, जि. नांदेड