पानवलच्या वाटेवर भेटलेल्या काकींना

सप्रेम नमस्कार काकी,

नाव विचारलं तर "नावाचं काय करताव?" म्हणून हसलात, त्यामुळे हे पत्र असं उघडच लिहितेय. तुमच्या वाडीतलं कुणी वाचलं तर कृपा करून काकींना वाचून दाखवा.

श्रावणातला रविवार, कुवारबावहून आम्ही सहकुटुंब आलो होतो. धबधब्याखाली ऊन पडलं होतं आणि पोरं पऱ्यात घोटाभर पाण्यात खेळत होती. तुम्ही गवताचा भारा घेऊन उतरत होतात. पाण्याकडे एकदा बघितलंत, भारा तिथंच टाकलात आणि म्हणालात, "पोरांना आधी वर घ्या, मग बोलू."

वर आल्यावर तुम्ही माझ्या लेकीला जवळ घेऊन पाणी दाखवलंत. कडेला तांबूस फेस धरला होता. नुकत्याच तुटलेल्या हिरव्या पानांचा आणि काटक्यांचा लोंढाच खाली येत होता. "वर सड्यावर सर पडलीय," तुम्ही म्हणालात. सड्याच्या उघड्या कातळावर माती ती कितीशी! पाणी मुरायला जागा नाही, ते सगळं थेट पऱ्यात उतरतं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे पुस्तकात असतं; तो खाली कसा येतो, ते पोरीला तुम्ही शिकवलंत. बोलणं संपेपर्यंत आमचा डबा ठेवलेला दगड पाण्याखाली गेला होता.

आलो ती वाट बंद झाली. मग तुम्ही आम्हाला गडग्याकडेनं साकवापर्यंत नेलंत. पाखाडीचे चिरे शेवाळलेले, त्यात सासूबाईंचे गुडघे दुखरे. तुम्ही त्यांचा हात धरून एकेक पायरी उतरवलीत, "अख्खं पाऊल टेकवा, घाई नाय" म्हणत. स्वतःचा भारा मागे भिजत पडलेला असताना! त्यावर पुन्हा घरी नेऊन चहा आणि मीठ लावलेलं तवसं दिलंत. पैसे पुढे केले, तेव्हा मात्र खरोखरच रागावलात.

काकी, माझी दोन्ही पोरं त्या दिवशी तुमच्यामुळे धड घरी आली. यापेक्षा मोठं मला काही लिहिता येत नाही. सासूबाई रोज देवापुढे दिवा लावताना तुमची आठवण काढतात.

गणपतीला आम्ही सगळे तुमच्याकडे येणार आहोत. आणि बाजाराला रत्नागिरीत आलात, तर कुवारबावला आमच्याकडे जेवल्याशिवाय परत जायचं नाही.

तुमची,
कुवारबावची लेक