खणलेले आणि छापलेले

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मुक्ताला संस्कृत घेऊन बी. ए. झाल्यावर आता ग्रीक-लॅटिन आणि भूमध्य सागराच्या परिसरातले पुरातत्त्व शिकायचे आहे, आणि या विषयात माणसाचे आयुष्य नेमके कशात जाते हे मी तुला सांगावे, अशी तुझी इच्छा आहे. शिष्यवृत्त्या, शुल्क आणि नोकऱ्यांची स्थिती यांविषयी मी वेगळा कागद जोडला आहे. तो रूक्ष आहे आणि नोकऱ्यांच्या बाबतीत निराश करणाराही आहे, पण तो तू वाचच. या पत्रात मात्र तुझ्या मूळ प्रश्नाविषयीच लिहितो.

आयुष्य उत्खननात जात नाही. उत्खनन उन्हाळ्यातले पाच-सहा आठवडे चालते. उरलेले वर्ष पहिल्या वर्षाच्या मुलांना लॅटिन क्रियापदे शिकवण्यात, उत्तरपत्रिका तपासण्यात, गोदामातल्या खापरांची मापे घेण्यात, रेखाचित्रे काढण्यात आणि लिहिण्यात जाते. माणूस काय खणतो यावर त्याचे मोठेपण ठरत नाही. खणलेले तो इतरांपर्यंत कधी पोचवतो, यावर ठरते. एकदा थर खणला की तो पुन्हा खणता येत नाही. जे लिहिले आणि छापले गेले नाही, ते नष्ट केल्यासारखेच आहे. हे मी एवढ्या ठामपणे का म्हणतो, ते क्रीट बेटाच्या इतिहासावरून तुला पटेल असे वाटते.

मार्च १९०० मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी क्रीटवरील क्नोसॉसच्या प्राचीन राजवाड्याच्या जागी उत्खनन सुरू केले आणि पहिल्या काही दिवसांतच त्यांना लेख कोरलेल्या मातीच्या पाट्या मिळू लागल्या. ज्या लिपीला पुढे लिनियर बी हे नाव पडले, त्या लिपीतल्या सुमारे ३,००० पाट्या आणि तुकडे क्नोसॉसला निघाले. इव्हान्स लहान मनाचे नव्हते. स्वतःच्या पैशाने त्यांनी ती जागा विकत घेतली, आणि राजवाड्यावर त्यांनी लिहिलेले चार खंड आजही टाळता येत नाहीत. परंतु या लिपीची उकल आपणच करू, या आशेवर त्यांनी पाट्या राखून ठेवल्या, आणि १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा छापून आलेल्या पाट्यांची संख्या २०० देखील नव्हती. मधल्या काळात योहानेस सुंदवाल या फिनलंडच्या अभ्यासकाने ३८ पाट्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांना इव्हान्स यांची नाराजी ओढवून घ्यावी लागली. एका माणसाच्या आशेपायी एक अख्खी पिढी हात बांधून बसली, असे मी म्हणालो तर ते फार कठोर होणार नाही.

१९०० मध्येच, त्याच बेटावर हॅरिएट बॉइड ही तरुणी पोचली होती. बॉस्टनमध्ये १८७१ साली जन्मलेली आणि स्मिथ कॉलेजची पदवीधर असलेली ही मुलगी १८९६ मध्ये अथेन्सच्या अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज या संस्थेत दाखल झाली. दुसऱ्याच वर्षी ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा ती जखमींची शुश्रूषा करायला थेसलीत गेली. संस्थेचे उत्खनन कॉरिंथला चालू होते, पण स्त्रियांनी ग्रंथालयात बसावे, अशी तिथल्या वडीलधाऱ्यांची धारणा होती. तिने वाद घातला नाही. शिष्यवृत्तीचे उरलेले पैसे घेऊन, एका वनस्पतिशास्त्रज्ञ मैत्रिणीसह ती क्रीटला गेली आणि खेचरावरून पूर्व भाग हिंडली. पुढच्या वर्षी वासिलिकीच्या योर्गोस पेराकिस नावाच्या शेतकऱ्याच्या मदतीने तिला पूर्व क्रीटमधल्या गुर्नियाची जागा मिळाली, आणि १९०१, १९०३ व १९०४ या तीन हंगामांत शंभराहून अधिक मजूर हाताशी घेऊन तिने कांस्ययुगातले एक संपूर्ण गाव उघडे केले. फरसबंद गल्ल्या, लहान लहान घरे, सुतारांची हत्यारे, कुंभारांची भांडी असा सामान्य माणसांचा संसार तिथे निघाला. क्नोसॉसच्या भित्तिचित्रांचे वैभव त्यात नव्हते.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १९०६ मध्ये तिचे लग्न झाले, मूल झाले, आणि तरीही १९०८ मध्ये, शेवटच्या हंगामानंतर अवघ्या चार वर्षांत, गुर्नियाचा भला मोठा सचित्र ग्रंथ छापून बाहेर पडला. त्यानंतर तिने असे मोठे उत्खनन केले नाही. पहिल्या महायुद्धात ती पुन्हा शुश्रूषेला गेली, आणि १९२० ते १९३६ ती वेल्स्ली कॉलेजात शिकवत होती. तिची कारकीर्द अर्ध्यावर राहिली, असे हळहळून लिहिण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. २०१० मध्ये गुर्नियाला नव्याने उत्खनन सुरू झाले, तेव्हा नव्या मंडळींना जुन्या खणण्याच्या पुढे जाता आले, कारण काय कुठे निघाले हे शंभर वर्षांपूर्वीच छापलेले होते. ज्यांनी चाळीस वर्षे खणले आणि चाळीस पाने लिहिली, अशा काहींच्या कारकिर्दी मात्र फार भरीव मानल्या जातात.

आता ॲलिस कोबरविषयी. मुक्ताला तू आणखी काही वाचून दाखवले नाहीस तरी चालेल, पण हा भाग जरूर दाखव, कारण संस्कृतच्या विद्यार्थिनीला तो अधिक जवळचा वाटेल. हंगेरीहून न्यूयॉर्कला आलेल्या आईवडिलांच्या पोटी १९०६ मध्ये तिचा जन्म झाला. हंटर कॉलेजातून पदवी आणि कोलंबिया विद्यापीठातून १९३२ मध्ये पीएच. डी. मिळवून ती ब्रुकलिन कॉलेजात लॅटिन आणि ग्रीक शिकवत होती. तिथे शिकवण्याचा बोजा जबर होता. शिवाय अंध विद्यार्थ्यांसाठी ती पाठ्यपुस्तके ब्रेलमध्ये उतरवून देत असे. लिनियर बीचे काम करायला तिच्याकडे रात्री उरत. १९४२ ते १९४५ या काळात, पूर्ण वेळ शिकवत असतानाच, ती दर आठवड्याला आगगाडीने न्यू हेवनला जाऊन येल विद्यापीठात वरच्या पातळीचे संस्कृत शिकली. पाट्यांची भाषा संस्कृत असेल, अशी तिची कल्पना नव्हती. ती भाषा कोणती, हे आधी ठरवून टाकण्यालाच तिचा सक्त विरोध होता. भाषा नाना रीतींनी कशा चालतात हे अंगवळणी पडावे, म्हणून ती एकेक नवी भाषा शिकत होती.

कोणत्या चिन्हाशेजारी कोणते चिन्ह किती वेळा येते, याच्या तिने चिठ्ठ्या केल्या. युद्धकाळात कागद मिळेना, तेव्हा शुभेच्छापत्रांच्या आणि चर्चच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजू कापून त्यावर लिहिले, आणि सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत ते सगळे रचून ठेवले. अशा सुमारे १,८०,००० चिठ्ठ्या झाल्या. त्यातून तिने १९४५ आणि १९४६ च्या लेखांत दाखवून दिले की या भाषेत शब्दांची रूपे चालतात, आणि एकाच शब्दाची तीन-तीन रूपे पाट्यांवर सापडतात.

त्यातली खुबी मराठीत चटकन समजते. मुलगा, मुलगी, मुलगे हे तीन शब्द घे. समज, आपल्या लिपीत काना-मात्रा नाहीत, आणि गा, गी, गे यांच्यासाठी एकमेकांशी काहीही साम्य नसलेली तीन स्वतंत्र चिन्हे आहेत. ज्याला मराठी येत नाही आणि लिपीही वाचता येत नाही, त्यालाही पहिली दोन चिन्हे तीच राहून फक्त शेवटचे बदलते आहे, हे पाहून असा तर्क करता येईल की या तीन चिन्हांचे व्यंजन एकच असून स्वर तेवढा वेगळा आहे. कोबरने हेच केले. एकाही चिन्हाचा उच्चार ठाऊक नसताना कोणती चिन्हे एका व्यंजनाची आणि कोणती एका स्वराची, हे तिने मांडायला घेतले, आणि १९४८ च्या लेखात दहा चिन्हांचा एक लहानसा तक्ता दिला. तक्ता लहान राहिला, कारण तिच्यापुढे मजकूरच थोडा होता. बाकीच्या पाट्यांच्या नकला आणि छायाचित्रे ऑक्सफर्डला, इव्हान्स यांच्या पश्चात जॉन मायर्स यांच्या स्वाधीन होती. गुगेनहाइम फेलोशिप मिळाल्यावर तिथे जाऊन तिने त्यांच्या प्रती हाताने उतरून घेतल्या. पुढे वृद्ध मायर्स यांनी इव्हान्स यांचे राहिलेले साहित्य छापायला घेतले, तेव्हा त्यातल्या चुका काढण्याचे किचकट कामही तिने अंगावर घेतले आणि स्वतःचे संशोधन त्यापायी मागे सारले. १६ मे १९५० रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी तिचे निधन झाले. ज्या ग्रंथासाठी ती राबली, तो १९५२ मध्ये निघाला.

ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या पायलॉसची कथा याच्या अगदी उलट आहे. तिथेही लिनियर बीच्याच पाट्या निघाल्या. सिनसिनाटी विद्यापीठाच्या कार्ल ब्लेगेन यांनी एप्रिल १९३९ मध्ये तिथे पहिलाच चर घेतला आणि तो नेमका दप्तरखान्यावर पडला. त्या हंगामात सुमारे ६०० पाट्या मिळाल्या. युद्धामुळे त्या अथेन्सच्या बँकेत बंद राहिल्या. पण ब्लेगेन यांनी त्यांचे काम आपल्या विद्यार्थ्याला, एमेट बेनेट यांना दिले, आणि १९५१ मध्ये त्या पाट्या व्यवस्थित चिन्हयादीच्या आधारे छापून आल्या. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९५२ रोजी मायकेल व्हेंट्रिस या तिशीला टेकलेल्या वास्तुविशारदाने बीबीसीवरून सांगितले की पाट्यांची भाषा ग्रीक आहे. व्हेंट्रिस असामान्य होता, यात वाद नाही. तरी त्याच्या तक्त्याची पद्धत कोबरची होती आणि तो भरायला लागलेला मजकूर बेनेट यांचा. १९५२ मध्ये पायलॉसला सापडलेल्या एका नव्या पाटीवर त्याची अक्षरमूल्ये लावून पाहिली, तेव्हा तिवई-भांडी आणि चार कानांची, तीन कानांची व बिनकानांची भांडी ही नावे शेजारच्या चित्रांशी तंतोतंत जुळली. ही बातमी ब्लेगेन यांनी स्वतःच व्हेंट्रिसला पत्राने कळवली. पाटी त्यांची, ताबा त्यांचा, आणि तरी ती पहिल्यांदा दुसऱ्याच्या उपयोगी पडली याचा त्यांना आनंद होता! या विषयात मी ज्यांचा आदर करतो ती माणसे या जातीची आहेत.

मी तरुणपणी ज्या एका उत्खननात राबलो, तिथली खापरे आजही गोदामात पेट्यांमध्ये पडून आहेत. नाव लिहीत नाही, कारण संबंधित मंडळी हयात आहेत आणि दरवर्षी अहवाल येणार म्हणून सांगतात. ग्रीसच्या २००२ च्या कायद्याने उत्खनकावर मुदतीत प्रकाशन करण्याचे बंधन घातले, ते अशा अनुभवांतूनच.

मुक्ता या नादाला कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती पाहून लागली, असे तू लिहिलेस, याचे मला विशेष वाटले. ती मूर्ती जिथे सापडली, त्या कोल्हापूरच्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजने १९४५-४६ मध्ये केलेल्या उत्खननाचा अहवाल सांकलिया आणि दीक्षित यांनी १९५२ मध्ये छापला. तो तिने आधी वाचावा. तिच्यासाठी खरे काम कदाचित याच बाजूला आहे. पश्चिम भारतात रोमन अँफोरा, म्हणजे दोन कानांचे मद्य-तेलाचे रांजण, म्हणून नोंदलेली कित्येक खापरे मातीच्या भांड्यांच्या अभ्यासक रोबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा तपासली, तेव्हा ती मेसोपोटेमियातल्या, लांबट आकाराच्या टॉर्पेडो रांजणांची निघाली. दोन्ही किनाऱ्यांची खापरे ओळखता येणारी माणसे आजही फार थोडी आहेत.

तेव्हा तिने ग्रीक आत्ताच सुरू करावे; संस्कृतमुळे क्रियापदांची तिला भीती वाटणार नाही. जर्मनही लागेल, आणि ग्रीसमध्ये राहायचे तर आजची बोलली जाणारी ग्रीकही. कोणत्याही उत्खननात जागा मिळाली तर होकार देण्यापूर्वी तिथली खापरे कोण छापणार आणि मागच्या पाच हंगामांचे काय छापून आले, एवढे तिने विचारावे. उत्तर गोलमोल आले तर मला कळवावे. कुठे जावे आणि कुठे जाऊ नये, याची माझ्याकडे एक खासगी यादी आहे, ती मी पत्रात लिहिणार नाही, पण फोनवर तिला सांगेन.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर